वजनकांटा आणि मेद

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवची कापसाची पेठ जुनी आहे. 1870 सालीं तेथवर आगगाडी नेली ती मुख्यतः कापसासाठींच. त्या पेठेंतला जाणता व्यापारी केवळ वजनावरून मालाची किंमत करणार नाहीं. शंभर किलो कापसांत रुई असते सुमारें एक-तृतीयांश. बाकी बहुतेक सरकी. रुईचा उतारा किती, हा त्याचा खरा प्रश्न. मनुष्यदेहाविषयीं हाच प्रश्न विचारावयास मात्र शास्त्राला पुष्कळ काळ लागला.

बेल्जमचे गणिती केतले यांनीं 1835 सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, प्रौढ माणसांचें वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. त्यावरून किलोंतील वजनाला मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागण्याची रीत निघाली. 1972 सालीं अमेरिकेंतील अ‍ॅन्सेल कीज यांनीं त्या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव दिलें. रीत सोपी खरी; पण तींत रुई आणि सरकी एकत्रच तोललीं जातात.

ही उणीव 1942 सालींच उघड झाली होती. अमेरिकन आरमाराचे डॉक्टर बेन्के यांनीं 25 धंदेवाईक फुटबॉलपटू पाण्याखालीं तोलले. मेद पाण्याहून हलका, स्नायू व हाडें जड. म्हणून या तोलावरून मेदाचा अंश निघतो. वजनाच्या कोष्टकाप्रमाणें त्यांतले 17 जण लष्करास अपात्र ठरले असते. वस्तुतः तें वजन बहुतांशीं स्नायूंचें होतें. पुढें 1974 सालीं ग्लासगो येथें डर्निन व वॉमर्स्ली यांनीं 481 स्त्रीपुरुषांना असेंच तोलून कोष्टकें बांधलीं. दंडाच्या पुढें व मागें, पाठीवर खांद्याच्या हाडाखालीं आणि कमरेच्या हाडावर चिमटीनें धरलेल्या त्वचेची जाडी मोजली, कीं त्यांवरून मेद अजमावतां येऊं लागला.

परंतु हीं कोष्टकें परदेशी देहांवरून केलेलीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनीं 2004 सालीं ‘लॅन्सेट’मध्यें स्वतःचींच मापें छापलीं. दोघांचाही निर्देशांक 22.3, पण मेद युडकिन यांच्या अंगीं शेंकडा 9.1, तर याज्ञिक यांच्या अंगीं शेंकडा 21.2! युडकिन लांब पल्ल्याचे धावपटू, हें खरें. तरी सर्व उलगडा व्यायामानें होत नाहीं. कारण 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत चाललेल्या पाहणींत नवजात बालकें सरासरी 2.7 किलो भरलीं, आणि इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं 3.5 किलो. आपल्या बाळांचे स्नायू बेताचे. परंतु पाठीवरील त्वचेची घडी त्या मानानें फारशी कमी नव्हती. धांवण्याचें वय येण्यापूर्वींच हा भेद दिसतो.

तात्पर्य, सडपातळ म्हणजे निर्मेद, ही आपली समजूत भ्रामक आहे. आणि बेताच्या वजनाच्या माणसालाही मधुमेह कां गांठतो, याचें एक कारण येथें सांपडतें. 2004 सालींच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं आशियाई लोकांकरितां 23 ही सावधगिरीची पायरी सुचविली.

घरीं करण्याजोगी परीक्षा एका दोरीची आहे. आपल्या उंचीइतकी दोरी घ्यावी, मधोमध दुमडावी व पोटाभोंवतीं बेंबीपाशीं धरावी. ती पुरली नाहीं, तर कांटा कांहींही सांगो, वैद्याचा सल्ला घ्यावा. खामगांवचा व्यापारी मालाचा जेवढा कस पाहतो, तेवढा तरी आपण आपल्या देहाचा पाहूं या.