परदेशची वाट आणि घरचा दिवा



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. आम्ही काय लिहावे याचा विचार करताना एक गोष्ट मनात आली. आज आपल्या वस्तीत अशी गल्ली नाही की जिथला कोणी दुबईला, मस्कतला किंवा आणखी कुठल्या दूरदेशी गेला नाही. पोरगं गेलं की आईबाप विहारात येऊन मेणबत्ती लावतात. पैसा येतो, घरावर स्लॅब पडतो. पण माणूस घराशी जोडलेला राहतो का? हा प्रश्न आजचा नाही, शंभर वर्षांपूर्वीही तो होता. म्हणून एका माणसाची हकिकत सांगतो. त्यांचे नाव आचार्य धर्मानंद कोसंबी.

काही वडीलधारे विचारतील, "ते तर गोव्याच्या सारस्वत ब्राह्मण घरातले, त्यांचा आपल्याशी काय संबंध?" शंका रास्त आहे. पण आपल्या विहाराच्या कपाटात 'भगवान बुद्ध' नावाचे जे पुस्तक आहे, ज्याची पाने वाचून वाचून सुटली आहेत, ते त्यांचेच. पुढचे वाचून मग ठरवावे.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. त्या वेळी तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. शाळा जेमतेम झालेली, घरची नारळाची बाग सांभाळायची. लग्न लहान वयातच, 1891 मध्ये बाळाबाईंशी झाले. पुढे 'बालबोध मेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि मन तिकडे ओढले गेले. 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पाळण्यात लहानगी मुलगी होती.

मग पुणे, उज्जैन, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. बुद्धधम्माचा शोध घेत 1902 मध्ये नेपाळात गेले, पण तिथे हवे ते मिळाले नाही. बुद्धगयेहून ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पाली शिकून घेतली आणि श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. विचार करा, बुद्ध आपल्या मातीतला, आणि त्याचे वचन शिकायला आपल्या माणसाला समुद्र ओलांडावा लागला! कारण घरच्या लोकांनीच ते घरातून घालवून दिले होते.

1906 मध्ये ते परत आले आणि कलकत्त्यात पाली शिकवू लागले. बऱ्यापैकी नोकरी होती. पण महाराष्ट्रात काम करावे ही ओढ सुटेना. तेव्हा बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज पुढे आले. दरमहा 50 रुपये, तीन वर्षे. अट अशी की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचे. धर्मानंदांनी कलकत्त्याचा पगार सोडला आणि हे 50 रुपये घेतले. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे त्यांचे मराठी पुस्तक 1910 मध्ये निघाले.

इथे जरा थांबू या. याच सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये एका तरुणाला तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तो तरुण म्हणजे आपले बाबासाहेब. एकाच महाराजांचा हात या दोघांच्या पाठीवर पडला, हे आपण विसरता कामा नये.

धर्मानंद 1910 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात गेले. काम होते बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने ते सुरू केले होते, पण ते अपुरे राहिले होते. तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी ग्रंथावर नाव कसे घालायचे यावरून त्यांचे बिनसले आणि 1912 मध्ये ते परत आले. मग सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पुढे पाली शिकवणारे जे विद्वान महाराष्ट्रात झाले, त्यांतले कितीतरी त्यांच्या हाताखालून गेले. त्यानंतर ते आणखी तीनदा हार्वर्डला गेले, 1929 मध्ये रशियातल्या लेनिनग्राडलाही गेले. परतल्यावर 1930 च्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आले.

हार्वर्डची ती आवृत्ती 1950 मध्ये छापून निघाली, तेव्हा धर्मानंद हयात नव्हते. पण त्यांनी वाट बघितली नव्हती. तोच ग्रंथ देवनागरी लिपीत त्यांनी 1940 मध्ये मुंबईत छापून घेतला होता. परदेशात केलेले काम आपल्या लोकांना आपल्या लिपीत मिळाले पाहिजे, हा त्यामागचा विचार आम्हाला फार मोलाचा वाटतो.

अमेरिकेत त्यांचे समाजवादाचे वाचन वाढले होते. तेही ते तिथे ठेवून आले नाहीत. 1937 मध्ये मुंबईत परळच्या गिरणगावात, कामगारांच्या वस्तीत, त्यांनी 'बहुजन विहार' उभा केला. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली त्याच्या एकोणीस वर्षे आधीची ही गोष्ट. 'भगवान बुद्ध' या पुस्तकात, म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा त्यांनी तपासून बाजूला ठेवली. माणसे आपसांत शस्त्रे घेऊन भांडतात हे पाहून तो निघाला, असे त्यांनी सुत्तनिपाताच्या आधाराने दाखवले. पुढे बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, ही विनंती.

आता जे बोलायला जड जाते ते. या साऱ्याची किंमत कोणी मोजली? बाळाबाईंनी. नवरा कुठल्या देशात आहे हे माहीत नसताना त्यांनी वर्षानुवर्षे कड काढली. 1918 च्या खेपेला धर्मानंदांनी मोठी मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर नेले. दोघेही तिथे शिकले, दामोदर पुढे मोठे गणिती आणि इतिहासकार झाले. पण आईला लेकरांपासून दूर राहावे लागले. आपल्या माता रमाईंचेही तसेच. बाबासाहेब लंडनला अभ्यास करत होते तेव्हा इकडे चूल रमाईंनी पेटती ठेवली. पुतळे जाणाऱ्याचे उभे राहतात. घरी राहिलेल्या बाईचे नाव आपण किती वेळा घेतो?

धर्मानंदांनी 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला देह ठेवला. मागे इस्टेट नव्हती, पुस्तके होती.

परदेशी जाणाऱ्या आमच्या लेकरांना एवढेच सांगणे आहे. बाबांनो, जरूर जा. पैसा पाठवा, त्यात कमीपणा नाही. पण तिथे जे शिकाल ते आपल्या भाषेत, आपल्या वस्तीत परत आणा. आणि फोन आला की "पैसे मिळाले का?" एवढेच विचारू नका, घरी जी एकटी सगळे ओढते आहे तिची तब्येतही विचारा. घर धरून ठेवणारी माणसे आहेत, म्हणून तर परतायला जागा आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.