ईशापूरची ली-एनफिल्ड रायफल : एका ऐतिहासिक साधनाची ओळख व मूल्यनिर्धारण

प्रस्तावना :

इतिहासलेखनात कागदपत्रे, नाणी, शिलालेख व ताम्रपट यांना साधन म्हणून जे स्थान प्राप्त झाले आहे, ते आधुनिक काळातील शस्त्रांना क्वचितच मिळते. तलवार, दांडपट्टा व तोफ यांचा अभ्यास होतो; मात्र विसाव्या शतकातील सैनिकाच्या खांद्यावरील रायफल 'जुनी बंदूक' एवढ्याच नोंदीवर उरते. भारतात 'थ्री नॉट थ्री' या नावाने परिचित असलेली ली-एनफिल्ड रायफल हे याचे ठळक उदाहरण होय. दोन महायुद्धांत ती भारतीय सैनिकांच्या हाती होती. स्वातंत्र्यानंतर ती पोलीस दलांकडे आली व तिचे निकामी केलेले नमुने राष्ट्रीय छात्र सेनेच्या कवायतीत वापरले गेले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींना तोंड देणाऱ्या काही पोलिसांजवळही हेच शस्त्र होते. उत्तर प्रदेश पोलीस दलाने २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर तिला निरोप दिला. अशा रीतीने ही रायफल सेवेतून जात असताना तिची नेमकी ओळख कशी पटवावी व तिचे मूल्य कशाच्या आधारे ठरवावे, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकासमोर उभे राहतात.

उद्दिष्टे :

१) ली-एनफिल्ड रायफलीवरील खुणांचे ऐतिहासिक साधन म्हणून स्वरूप स्पष्ट करणे.
२) अस्सल व बनावट शस्त्र यांतील भेद ओळखण्याच्या कसोट्या मांडणे.
३) बाजारमूल्य व ऐतिहासिक मूल्य यांतील फरक तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधात वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, साधनांच्या बहिरंग व अंतरंग परीक्षणाची इतिहासशास्त्रातील रीत वस्तुरूप साधनाला लावली आहे.

रायफलीची जडणघडण :

जेम्स पॅरिस ली याने रचलेली बोल्टची यंत्रणा व एनफिल्ड येथील नळीतील पेचदार खाचा यांच्या संयोगातून या रायफलीला तिचे नाव मिळाले. आखूड नळीचा 'मार्क तीन' हा प्रकार १९०७ मध्ये स्वीकारण्यात आला. ०.३०३ इंच व्यासाची नळी आणि दहा काडतुसांचे मॅगझिन ही त्याची वैशिष्ट्ये होत. पहिल्या महायुद्धाच्या निकडीत, १९१६ मध्ये, मॅगझिन रोखणारी पट्टी व दूर पल्ल्याची साइट वगळून उत्पादन सोपे करण्यात आले. या प्रकारास 'मार्क तीन' पुढे तारांकन करून दर्शविले जाते. बंगालमध्ये हुगळीच्या काठी ईशापूर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या कारखान्यात या रायफली तयार होऊ लागल्या.

बहिरंग परीक्षण :

दस्ता जेथे यंत्रणेला जोडला जातो तेथील धातूच्या पट्ट्यावर या रायफलीची जन्मपत्रिका कोरलेली असते. राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष व प्रकार या क्रमाने ती वाचावी लागते. 'एनफिल्ड', 'बी. एस. ए.', ऑस्ट्रेलियातील 'लिथगो' व भारतातील 'ईशापूर' किंवा 'आर. एफ. आय.' ही कारखान्यांची नावे आढळतात. भारतीय रायफलींवरील 'जी. आर. आय.' ही अक्षरे विशेष बोलकी आहेत. त्यांतील 'आय' हे अक्षर 'इंपरेटर' म्हणजे सम्राट या पदवीचे निदर्शक असून भारतावरील साम्राज्यसत्तेची ती खूण आहे. प्रजासत्ताकाच्या काळात राजमुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहमुद्रेने घेतली. सत्तांतराचा असा पुरावा पोलादावर उमटलेला क्वचितच पाहावयास मिळतो.

अंतरंग परीक्षण :

केवळ खुणा वाचून भागत नाही. त्यांची परस्परांशी संगती तपासावी लागते. कोहाटनजीकच्या दर्रा आदम खेल येथील कारागीर ब्रिटिश शस्त्रांच्या हुबेहूब नकला करीत आले आहेत. अशा नकलांवर इंग्रजी अक्षरे उलटी कोरलेली किंवा राजचिन्ह व वर्ष यांत विसंगती असलेली आढळते. राणी व्हिक्टोरियाचे निधन २२ जानेवारी १९०१ रोजी झाले. त्यामुळे तिची आद्याक्षरे व त्यानंतरचे वर्ष एकाच पट्ट्यावर दिसल्यास ती रायफल संशयास्पद ठरते. बनावट सनदेतील कालविपर्यास ओळखण्याची जी रीत अभ्यासकाच्या परिचयाची आहे, तीच येथे उपयोगी पडते.

दुसरी फसगत अस्सल शस्त्राबाबतच होते. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर ईशापूर येथे ७.६२ मि.मी. काडतुसासाठी '२ए' व नंतर '२ए१' या रायफली बनविण्यात आल्या. बाह्य रूप जुनेच असल्याने त्यांना महायुद्धातील रायफल समजण्याची चूक होते. वास्तविक त्या जुन्या रायफलींचे रूपांतर नसून नव्याने घडविलेल्या आहेत. चौकोनी घाटाचे बारा काडतुसांचे मॅगझिन व पट्ट्यावरील '७.६२' हा आकडा यांवरून भेद स्पष्ट होतो. '२ए१' वरील साइट ८०० मीटरपर्यंतच आखलेली असते.

दुरुस्तीच्या खुणाही दुर्लक्षून चालत नाहीत. दस्त्याच्या पुढील भागातील आडवा स्क्रू ईशापूरच्या कामाची ओळख पटवितो. त्या भागावर गुंडाळलेली तार ही रायफल ग्रेनेड फेकण्यासाठी वापरल्याचे सांगते, तर 'डी. पी.' ही अक्षरे ती केवळ कवायतीसाठी राखून ठेवल्याचे दर्शवितात.

शस्त्र आणि अविश्वास :

या खुणांमागे वसाहतवादी धोरणाचा इतिहास दडलेला आहे. १८५७ नंतर भारतीय सैनिकांना ब्रिटिश सैनिकांहून एक पिढी जुने शस्त्र देण्याची प्रथा पडली. १९१४ मध्ये फ्रान्समध्ये उतरलेल्या भारतीय तुकड्यांना मार्सेय येथे 'मार्क तीन' रायफली देण्यात आल्या. युद्धाची गरज अविश्वासावर मात करून गेली. याउलट पोलीस व पहारेकऱ्यांसाठी ईशापूर येथे ०.४१० व्यासाची मस्केट तयार करण्यात आली. तिच्या नळीत पेच नव्हते आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून ती एकेरी केली होती. रूप रायफलीचे व शक्ती मर्यादित, अशी ही रचना राज्यकर्त्यांची आपल्याच पहारेकऱ्यांविषयीची भीती उघड करते. १८७८ च्या शस्त्र कायद्याशी हे धोरण सुसंगतच होते.

मूल्यनिर्धारण :

अमेरिकेसारख्या देशांत अशा रायफलींचा खुला बाजार आहे. तेथे १९६८ च्या कायद्याने लष्करी अतिरिक्त शस्त्रांच्या आयातीवर बंधने आली व १९८० च्या दशकात ती शिथिल झाली. नळी, बोल्ट व साइटवरील क्रमांक जुळणे, मूळ लाकूड व रंग कायम असणे, नळीतील पेच शाबूत असणे आणि प्रकाराची दुर्मीळता यांवर किंमत ठरते. शिकारीसाठी दस्ता कापलेली अथवा घासून चकचकीत केलेली रायफल कितीही देखणी असली तरी तिचे मोल घटते.

बाजारभाव व ऐतिहासिक मूल्य मात्र एकच नव्हेत. १९६३ मध्ये टपालाने अवघ्या १९.९५ डॉलरला विकली गेलेली इटालियन कारकानो रायफल राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येशी जोडली गेली. प्रथम तिला माउझर समजण्यात आले. तिच्यावरील खुणा व क्रमांकाने खरी ओळख पटली. आज ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. मूल्य वस्तूच्या इतिहासातून निर्माण होते, हेच यातून सिद्ध होते.

भारतात ०.३०३ हा निषिद्ध बोअर असल्याने सामान्य नागरिकास असा बाजार उपलब्ध नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. परंतु केवळ वयामुळे १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सुटका होत नाही. दुरुस्तीनंतरही वापरता न येणाऱ्या कालबाह्य शस्त्रासच तेथे सूट आहे. म्हणून येथे मूल्याचा विचार संग्रहालय व अभिलेख यांच्या दृष्टीनेच करणे उचित ठरते.

निष्कर्ष :

१) ली-एनफिल्डवरील खुणा हा सत्तांतर, युद्ध व शासकीय धोरण यांचा प्राथमिक पुरावा आहे.
२) रूपावरून ओळख पटविणे धोक्याचे असून खुणांची परस्पर संगती हीच विश्वसनीय कसोटी होय.
३) रायफल स्वच्छ करण्याच्या नादात खुणा घासल्यास किंवा भाग बदलल्यास पुरावाच नष्ट होतो.
४) सेवेतून काढलेली शस्त्रे वितळविण्यापूर्वी संबंधित दलांनी प्रत्येक शस्त्राचे वर्ष, प्रकार व क्रमांक नोंदवून छायाचित्रे जतन करावीत आणि प्रत्येक प्रकाराचा एक तरी नमुना शासकीय संग्रहालयाकडे सोपवावा. भट्टीत गेलेले पोलाद पुन्हा मिळेल, त्यावर कोरलेला इतिहास मात्र मिळणार नाही.