सांगलीवरची सावली, कराडवरची सावली

विजयदुर्गला सहल नेलेल्या शिक्षकांना तेथील 'साहेबाचे ओटे' ठाऊक असतील. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियरसाहेबाने येथून हेलियम शोधला, असे आपण मुलांना सांगतो. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच सांगत आलो. पण ते बरोबर नाही. दोन ग्रहणांची गल्लत झाली आहे, आणि गंमत अशी, की त्यांतील एकाची सावली सांगलीवरून गेली, तर दुसऱ्याची सातारा जिल्ह्यातून.

पहिले ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ चे. श्रावणातली अमावास्या, ढगांचे दिवस. सकाळी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून कोल्हापूर, सांगली-मिरज, विजापूर अशी पूर्वेकडे सरकली. सांगलीच्या आग्नेयेस जमखंडी, हेही पटवर्धनांचेच संस्थान. तेथे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. ढगांनी बराच वेळ खाल्ला. जरा उघडीप मिळाली तेव्हा सूर्याच्या कडेवरील ज्वालेत त्यांना तीन ठळक रेषा दिसल्या : तांबडी, नारिंगी, निळी. सुट्या रेषा म्हणजे तप्त, विरळ वायू. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची मानली. चुलीत मिठाचा खडा पडला की ज्याचा पिवळा रंग दिसतो, तोच सोडियम. गुंटूरला जान्सेन यांनीही अशा रेषा पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या पाहून दाखवल्या.

लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते! २० ऑक्टोबरला त्यांनी तेथूनच, ग्रहणाविना, ज्वालांचा वर्णपट पाहिला. पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नव्हती. तिचा वायू, हेलियम, पृथ्वीवर रॅम्झी यांना सापडला तो १८९५ मध्ये, युरेनियमच्या एका खनिजात.

लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. पौष अमावास्या, स्वच्छ आकाश, भर दुपार. सावली विजयदुर्गहून सह्याद्री ओलांडून कराड, माणदेश करीत सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे गेली. जेऊरला दुर्बिणी लावून होते पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला. एकाच सावलीच्या वाटेवर उभ्या असलेल्या या दोघांमध्ये आधीचा एक मतभेद होता, आणि तो ताऱ्यांच्या जन्माविषयीचा होता.

लॉकियर म्हणत, तारे उल्कांच्या थव्यांतून जन्मतात. उल्का एकमेकींवर आदळून तापतात, तेजोमेघ दिसू लागतो. तोच आवळत तारा बनतो आणि पुढे निवतो. कल्पना मोठी देखणी होती. तेजोमेघांच्या वर्णपटातील ठळक हिरवी रेषा उल्कांतील मॅग्नेशियमची, हा त्यांचा पुरावा. तसे असते तर ती एका अंगाने पुसट होत गेलेली दिसायला हवी. नायगमवाला यांनी पुण्याहून मृगातील तेजोमेघाचे वेध घेतले. रेषा दर वेळी रेखीव, अरुंदच. १८९१ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला तसे कळवले. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे १९२७ मध्ये बोवेन यांनी दाखवले. इतक्या विरळ वायूत उल्कांची टक्कर कुठली?

आज आपण शिकवतो, की वायू व धुळीचा थंड मेघ स्वतःच्या गुरुत्वाने आवळतो, मध्ये तारा पेटतो, भोवती उरलेल्या तबकडीत ग्रह घडतात. ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचा हेलियम होत राहतो. आपल्या सूर्यात हे सुमारे ४६० कोटी वर्षे चालू आहे. म्हणजे लॉकियर हेलियमबाबत बरोबर ठरले, जन्माबाबत चुकले.

सहलीत ओट्यांपाशी लॉकियर यांचे नाव घ्यायचे तर सन १८९८ सांगावे. आणि थंडीत मुलांना मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा धूसर ठिपका दाखवावा. नायगमवाला यांनी वेध घेतला तो हाच, आणि तेथे आजही तारे जन्मत आहेत.