तंबाखूचा पाइप : घाट व झिलई

तंबाखू जाळून तिचा धूर ओढण्याचे एक साधन. तंबाखू भरण्याची वाटी, तिला जोडून असलेला पोकळ दांडा आणि दातांत धरावयाची नळी हे त्याचे मुख्य भाग होत. यूरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस धूम्रपानाचा प्रसार झाल्यानंतर पाइप घडविणे हा एक स्वतंत्र व्यवसाय बनला आणि पाइपाचा घाट व झिलई यांची पारख करण्याचे निकषही त्याबरोबर घडत गेले. हे निकष सर्व काळी सारखे नव्हते. कधी साच्यातून निघालेला रेखीव एकसारखेपणा श्रेष्ठ मानला गेला, कधी कोरीव कामाची विपुलता, तर कधी लाकडाच्या नैसर्गिक रेषांना अनुसरणारी घडण. मात्र बाहेरून दिसणारी झिलई वस्तूचे खरे स्वरूप दाखविते की झाकते, हा प्रश्न या सर्व काळांत कायम राहिला.

प्राचीन परंपरा : उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांत दगडी पाइप घडविण्याची कला फार जुनी आहे. ओहायओ नदीच्या खोऱ्यातील होपवेल संस्कृतीच्या मृत्तिकास्तूपांत सु. दोन हजार वर्षांपूर्वीचे पाइप सापडले आहेत. सपाट व किंचित वक्र अशा पट्टीवर बसलेला पक्षी, बेडूक वा बीव्हर आणि त्याच्या पाठीत कोरलेली वाटी, अशी त्यांची रचना आहे. पट्टी हाच धुराचा मार्ग असल्याने येथे शिल्प आणि साधन वेगळे करता येत नाहीत. यांपैकी अनेक पाइपांवरील प्राण्याचे मुख ओढणाऱ्याच्या दिशेने असते. म्हणजे ही आकृती इतरांसाठी नसून वापरणाऱ्यासाठी होती, असे म्हणता येते.

मातीचे पाइप : इंग्लंडमध्ये पांढऱ्या मातीचे पाइप धातूच्या दुहेरी साच्यात दाबून तयार करीत. माती ओली असतानाच तारेने दांड्यातून छिद्र पाडीत. तंबाखू महाग असल्यामुळे आरंभीच्या पाइपांच्या वाट्या अगदी लहान होत्या. ती स्वस्त होत गेली तशा त्या मोठ्या झाल्या. इंग्लंडमधील पाइप-कारागिरांच्या संघाला १६१९ मध्ये सनद मिळाली, तर नेदर्लंड्समधील गौडा येथील कारागिरांचा संघ १६६० मध्ये स्थापन झाला. गौडा येथील उंची पाइप भाजण्यापूर्वी अकीक दगडाने घासून चकचकीत करीत. हे काम हाताने करावयाचे असल्याने घासलेल्या पाइपाची प्रत व किंमत अधिक असे. वाटीच्या तळाशी कारागिराची मुद्रा उमटविण्याची प्रथा होती. या मुद्रांना संघाचे संरक्षण असले, तरी इतर गावचे कारागीर त्यांची नक्कल करीत. मुद्रा हे गुणवत्तेचे आश्वासन खरे. परंतु ते पारखीची जागा घेऊ शकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

मातीच्या पाइपाच्या आतील छिद्राला पुढे इतिहाससंशोधनातही महत्त्व आले. दांडे जसजसे लांब झाले, तसतशी छिद्रे अरुंद होत गेली. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये या बदलाच्या आधारे दांड्यांच्या तुकड्यांचा काळ ठरविण्याची पद्धत मांडली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील छिद्रे इंचाच्या ८/६४ भागाएवढी, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुतेक छिद्रे ४/६४ भागाएवढी आढळतात. ज्या भागाकडे ग्राहकाचे लक्ष क्वचितच जाते, तोच भाग काळाची सर्वांत विश्वासार्ह साक्ष देतो.

मीरशाम : तुर्कस्तानातील एस्कीशेहिर परिसरात सापडणारे मीरशाम हे खनिज मऊ व सच्छिद्र असून ते सहज कोरता येते. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना हे या कामाचे प्रमुख केंद्र होते. मानवी मुखे, शिकारीची दृश्ये, पक्ष्यांचे पंजे अशा आकृती त्यांवर कोरीत व शेवटी मेण लावून ते घासत. वापराने पाइपाचा पांढरा रंग पिवळट व पुढे तपकिरी होतो, हा त्याचा विशेष गुण समजला जाई. यांतील कित्येक नमुने कोरीव कामाच्या दृष्टीने अप्रतिम असले, तरी हातात धरण्यास अडचणीचे आहेत. अलंकरण उपयोगावर मात करते तेव्हा पाइप हा शिल्पाचा केवळ आधार उरतो, हा दोष या परंपरेत विशेषेकरून जाणवतो.

ब्रायर व ठराविक घाट : भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी एक कठीण गाठ असते. तिच्यापासून मिळणाऱ्या ब्रायर नावाच्या लाकडाचे पाइप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या झ्यूरा पर्वतराजीतील सँ-क्लोद या गावी होऊ लागले. लाकडी वस्तू कातण्याचा व्यवसाय तेथे पूर्वीपासूनच होता. गाठीचे ठोकळे कापून अनेक तास उकळतात व नंतर कित्येक महिने सावकाश वाळवितात. हे लाकूड उष्णता चांगली सहन करते व सहजी जळत नाही.

पुढे फ्रेंच व इंग्रज कारखान्यांत काही घाट ठराविक झाले. त्यांतील बिलियर्ड हा घाट आजही मूळ घाट समजला जातो. त्यात वाटीची उंची व दांड्याची लांबी साधारणतः सारखी असून वाटी दांड्याशी जवळजवळ काटकोन करते. हा घाट दिसावयास सोपा पण साधावयास कठीण आहे. त्यात अलंकरण नसल्याने वाटीचा फुगवटा किंचित खाली सरकला किंवा दांडा एका बाजूस जाड झाला, तरी तो दोष लगेच नजरेत भरतो.

झिलई आणि दोष : ब्रायरच्या गाठीत वाळूचे कण वा लहान पोकळ्या अडकलेल्या असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत. बरेचसे काम झाल्यावर कानशीखाली अचानक उघड्या पडतात. अशा वेळी कारागिरापुढे मोजकेच मार्ग असतात : घाट बदलून दोष कापून काढणे, लुकण भरून त्यावर गडद रंग देणे, पृष्ठभाग खडबडीत करणे किंवा पाइप टाकून देणे. शेवटच्या मार्गात लाकूड व श्रम दोन्ही वाया जातात. त्यामुळे लुकण भरण्याचा मोह मोठा असतो.

वाळूच्या माऱ्याने पृष्ठभाग खडबडीत करण्याच्या पद्धतीला लंडनच्या आल्फ्रेड डनहिल यांनी १९१७ च्या सुमारास प्रतिष्ठा मिळवून दिली. डनहिल यांचे ड्यूक स्ट्रीटवरील दुकान १९०७ मध्ये सुरू झाले होते. वाळूच्या माऱ्याने लाकडाचा मऊ भाग झिजतो व कठीण वाढवलये उठून दिसतात. त्यामुळे लहान दोष नाहीसे होतात हे खरे. पण त्याचबरोबर गुळगुळीत पृष्ठभागात न दिसणारी लाकडाची रचनाही उघड होते. लुकण दोष लपविते, तर वाळूचा मारा लाकडाविषयी अधिक सांगतो. म्हणून या दोन उपायांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही.

गुळगुळीत पाइपावर काचकागदाने क्रमाक्रमाने काम करून शेवटी कार्नोबा मेणाचा हात देतात. जाड रोगणाचा थर प्रथम अधिक चमकतो, परंतु उष्णतेने त्यास फोड येण्याचा संभव असतो. अति घासण्यानेही नुकसान होते : धारदार असावयास हव्यात त्या कडा गोलावतात आणि कारागिराची मुद्रा पुसट होते. चमक म्हणजे सफाई नव्हे, असे जाणकार म्हणतात ते यामुळेच.

डॅनिश पंथ : विसाव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्कमध्ये या कलेला नवे वळण मिळाले. त्याचे श्रेय प्रामुख्याने सिक्स्टेन ईव्हार्सन (१९१०–२००१) या जन्माने स्वीडिश असलेल्या कारागिरास दिले जाते. कोपनहेगनमध्ये ते आरंभी पाइप-दुरुस्तीच्या दुकानात काम करीत. पाइप कोठे फुटतो, कोठे जळतो, नळी कशी सैल होते, हे त्यांनी मोडलेल्या वस्तूंवरूनच जाणले. ठोकळ्यावर ठरलेला घाट न लादता त्यातील रेषांची दिशा पाहून घाट ठरविणे, हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होय. उभ्या समांतर रेषा वाटीच्या चहूबाजूंनी वर जाव्यात व माथ्यावर पक्ष्याच्या डोळ्यासारखे ठिपके दिसावेत, हा आदर्श या पंथात मानला जातो. ईव्हार्सन यांचा मुलगा लार्स व नात नाना यांनी ही परंपरा पुढे चालविली. जपानच्या हिरोयुकी तोकुतोमी यांनीही ईव्हार्सन यांच्याकडे मार्गदर्शन घेतले व असमान तोलाचे स्वतंत्र घाट निर्माण केले.

या पंथाच्या यशाबरोबर एक अतिरेकही आला. केवळ रेषांच्या सरळपणावर किंमत ठरू लागली आणि बेढब घाटाचे पाइपही लाकडाच्या जोरावर विकले जाऊ लागले. रेषा ही निसर्गाची देणगी आहे. तिचा उपयोग कसा केला यातच कारागिराचे कौशल्य दिसते.

पारखीचे निकष : घाटाच्या पारखीत वाटीपासून नळीच्या टोकापर्यंतची रेषा अखंड वाहते की नाही, हे प्रथम पाहतात. दांडा व नळी यांच्या सांध्यातून प्रकाश दिसू नये आणि बोट फिरविल्यास पायरी लागू नये. वाटीची भिंत सर्व बाजूंनी सारख्या जाडीची असावी. धुराचे छिद्र वाटीच्या तळाशी बरोबर मध्यभागी उघडावे. ते वर उघडल्यास तळाची तंबाखू न जळता ओली राहते. सफाईची तार नळीतून न अडता वाटीपर्यंत जावी, ही सर्वांत सोपी कसोटी होय. नळीचे टोक पातळ असावे, म्हणजे पाइप दातांत सहज राहतो.

उपयोग व घाट यांचे हे नाते महाराष्ट्रातील चिलमीतही दिसते. कुंभाराने घडविलेल्या या मातीच्या साधनाला वेगळी नळी नसते. तंबाखू खाली जाऊ नये म्हणून आत खडा ठेवतात आणि खालच्या टोकाला ओली छापी गुंडाळतात. झिलईचा अभाव असूनही तिचा निमुळता घाट पूर्णतः कामास अनुरूप आहे.

तंबाखूच्या धुरामुळे मुख, घसा व फुप्फुस यांचे कर्करोग होतात, हे सिद्ध झाले असून पाइपही त्यास अपवाद नाही. घाटाच्या सौंदर्याने हा अपाय कमी होत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यूरोपात पाइप ओढणाऱ्यांची संख्या घटत गेली व सँ-क्लोदमधील बहुतेक कारखाने बंद पडले. आता हाताने घडविलेले उत्तम पाइप अनेकदा संग्राहकांकडे व संग्रहालयांत जातात. मात्र काचेआड ठेवलेल्या पाइपाचे छिद्र कोणी तपासत नाही. त्यामुळे या कलेची पारख केवळ बाह्य झिलईपुरती उरण्याचा धोका आहे. आतील मार्ग सरळ असल्याशिवाय बाहेरील रेषेला अर्थ नाही, ही जुन्या कारागिरांची शिस्त त्याबरोबरच लोपण्याचा संभव आहे.