देवडीवरचा भोळा पहारेकरी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, तहनामे आणि बखरी उभ्या राहतात. मी आज सांगणार आहे त्या हकिगतीत घोडदळ नाही की तोफखाना नाही. पण दरवाजा आहे, पहारेकरी आहे आणि फितुरीवाचून झालेला घात आहे.

संगणकाच्या काळ्या पडद्यावर हुकूम टंकायचा आणि 'शेल' नावाच्या कारभाऱ्याने तो यंत्राकडून करवून घ्यायचा, ही युनिक्स घराण्याची जुनी रीत. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली बेल प्रयोगशाळेतून बाहेर पडला. पुढे १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी त्याचा सर्वांना मुक्त असा अवतार सिद्ध केला. 'बोर्न अगेन शेल', म्हणजे पुन्हा जन्मलेला, अशी बोर्न यांच्या नावावर कोटी झाली आणि 'बॅश' हे नाव रूढ झाले.

त्याच वर्षी त्याला एक सोय जोडली गेली. एका बॅशने दुसऱ्याला कामास लावताना काही कृती चिठ्ठीवर लिहून हाती द्याव्यात, अशी ती सोय. चिठ्ठीचा आरंभ ठरावीक कंसांनी झाला की ती घरचीच समजायची. गोम अशी, की कृती संपल्यावर तळाशी कोणी आणखी काही खरडले असले, तर हा भोळा गृहस्थ तेही हुकूम मानून तत्काळ अमलात आणी!

तेव्हा चिठ्ठ्या घरातल्याच माणसांच्या असत. पुढे महाजाल आले. कित्येक सर्व्हर परक्यांनी धाडलेला मजकूर तशाच चिठ्ठ्यांत घालून बॅशपुढे ठेवू लागले. पहारेकरी तोच राहिला; दारापुढची गल्ली मात्र हमरस्ता झाली.

पंचवीस वर्षांनी, १२ सप्टेंबर २०१४ रोजी, स्तेफान शाझेला यांच्या हे ध्यानी आले. त्यांनी डांगोरा पिटला नाही. बॅशचा सांभाळ करणारे चेट रेमी यांना गुपचूप कळवले. रेमी यांची नोकरी क्लीव्हलंडच्या एका विद्यापीठात. बॅशची देखभाल हे त्यांचे बिनपगारी व्रत. २४ सप्टेंबरला, म्हणजे आपल्याकडे घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दुरुस्तीसह वार्ता जाहीर झाली. 'शेलशॉक' हे नाव सर्वतोमुखी झाले आणि चोरही तत्काळ कामाला लागले.

त्या आठवड्यात मीही माझ्या संगणकाची एका ओळीची परीक्षा घेतली. बाहेरची चिठ्ठी त्याने निमूटपणे पाळली! मला हसू आले आणि भयही वाटले.

पहिली दुरुस्ती अपुरी ठरली. टॅव्हिस ऑर्मंडी यांनी लगोलग दुसरी फट दाखवली. एक भोक बुजवावे तो दुसरे उघडे पडावे, असे काही दिवस चालले. अखेर फ्लोरियन वायमर यांच्या उपायाने मूळ दुखण्यावर बोट ठेवले: घरच्या चिठ्ठीच्या नावावरच वेगळी मुद्रा उमटवायची, मुद्रा नसेल ती चिठ्ठी कृती म्हणून वाचायचीच नाही.

वाचकहो, बॅशची संहिता कोणालाही वाचायला खुली होती, तरी पाव शतक ही चूक दिसली नाही. सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, हा आपल्या गावविहिरींचा अनुभव यंत्रांनाही लागू पडतो. पाणी सारेच भरतात. गाळ काढायला एखादाच उतरतो. यंदा दारी पणती लावताना त्या एखाद्याची आठवण मला होते.