कलाभवन, शांतिनिकेतन

कलाभवन हे पश्चिम बंगाल राज्याच्या बीरभूम जिल्ह्यातील शांतिनिकेतन येथे असलेले विश्वभारती विद्यापीठाचे दृश्यकला महाविद्यालय आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांनी इ.स. १९१९ मध्ये त्याची स्थापना केली. चित्रकार नंदलाल बोस हे १९२२ ते १९५१ या काळात त्याचे अध्यक्ष होते आणि संस्थेची अध्यापनपद्धती मुख्यतः त्यांनीच घडवली. कलेचे शिक्षण वर्गखोलीपुरते न ठेवता परिसर, ऋतू, उत्सव, लोककला आणि आश्रमातील सामूहिक जीवन यांच्या आधारे द्यावे, ही भूमिका घेणाऱ्या भारतातील आरंभीच्या संस्थांमध्ये कलाभवनाची गणना होते. बिनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज, के. जी. सुब्रमण्यन आणि चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय हे येथील विद्यार्थी होत.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारच्या आश्रयाने मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि लाहोर येथे कलाशाळा चालत. मुंबईतील सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. या शाळांतील शिक्षणक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील पद्धतीवर आधारलेला होता. ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर प्रतिकृती, भौमितिक आकृत्या आणि यथार्थदर्शन यांचा सराव हा त्याचा पाया होता. भारतीय कलेचा अभ्यास अगदीच होत नव्हता असे नाही. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अनेक वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. मात्र हे काम प्रामुख्याने नोंद आणि जतन यांसाठी होते. विद्यार्थ्याने स्वतः काय रंगवावे, याच्याशी त्याचा फारसा संबंध जोडला गेला नाही.

कलकत्त्याच्या शाळेत ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही दिशा बदलण्याचा प्रयत्न केला. नंदलाल बोस (१८८२–१९६६) हे अवनींद्रनाथांचे शिष्य. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या गटाबरोबर तेही अजिंठ्यास गेले आणि तेथील चित्रांच्या प्रतिकृती करण्यात सहभागी झाले. लेण्यांच्या भिंतींवर पाहिलेली प्रवाही रेषा आणि माणसे, पशू व झाडे यांना एकाच सलगतेत गुंफण्याची रीत त्यांच्या पुढील भित्तिचित्रांत सातत्याने आढळते. जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो यांच्याकडून त्यांनी आणखी एक सूत्र घेतले: निसर्ग, परंपरा आणि स्वतंत्र प्रतिभा या तिन्हींचा मेळ असल्याशिवाय कला उभी राहत नाही. कलाभवनातील अध्यापनाचा हा कणा ठरला.

रवींद्रनाथांना मात्र अवनींद्रनाथांच्या वर्तुळातील चित्रकलाही अपुरी वाटू लागली होती. १९१६ च्या जपानप्रवासात तेथील घरे, बागा, भांडी आणि दैनंदिन व्यवहार यांत मुरलेली सौंदर्यदृष्टी त्यांनी पाहिली. त्यामानाने कलकत्त्यातील छोट्या आकाराची, पौराणिक विषयांत रमलेली जलरंगचित्रे घराच्या चार भिंतींत कोंडल्यासारखी त्यांना वाटली. कलाभवनाच्या स्थापनेमागे ही अस्वस्थता होती.

स्थळ आणि आश्रम

बोलपूरजवळच्या या उजाड माळावर रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ यांनी १८६३ मध्ये ध्यानधारणेसाठी आश्रम स्थापला. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये तेथे शाळा काढली आणि १९२१ मध्ये विश्वभारतीची विधिवत स्थापना झाली. भोवताली जांभ्या दगडाची तांबडी जमीन, पावसाने कापून काढलेल्या घळी (त्यांना स्थानिक भाषेत 'खोआई' म्हणतात), कोपाई नदी, ताडाची झाडे आणि संथाळ आदिवासींच्या वस्त्या असा हा परिसर आहे. लाल मातीच्या या प्रदेशात बाउल गायकांची परंपरा असून जवळच्या सुरुल गावात भाजलेल्या मातीच्या शिल्पपट्ट्यांनी सजवलेली मंदिरे आहेत.

देवेंद्रनाथ ब्राह्मो समाजाचे होते. त्यामुळे आश्रमातील काचेच्या उपासनामंदिरात मूर्ती नाही. मूर्तिपूजा न मानणाऱ्या या आश्रमात चित्र आणि शिल्प यांना आध्यात्मिक स्थान मिळाले ते ऋतूंच्या उत्सवांतून. वसंतोत्सव, वर्षामंगल, पौष महिन्यातील मेळा, तसेच १९२८ मध्ये सुरू झालेले वृक्षारोपण आणि हलकर्षण (नांगरणीचा विधी) हे सोहळे कोणा देवतेचे नव्हते. तरीही त्यांना मांडणी, रंग, पोशाख, गीत आणि नृत्य यांची गरज होती. ती पुरवणे हे कलाभवनाचे काम ठरले. स्वतः नंदलाल रामकृष्ण परमहंसांचे भक्त होते आणि देवदेवतांची चित्रे ते आयुष्यभर काढत राहिले. आश्रमाच्या निराकार उपासनेशी त्यांच्या या श्रद्धेचा कधी संघर्ष झाल्याचे दिसत नाही.

अध्यापनपद्धती

आरंभीच्या काळात कलाभवनात ठरावीक अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा किंवा पदवी नव्हती. विद्यार्थी नंदलालांना 'मास्टरमोशाय' म्हणत. प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून किंवा बसवलेल्या मॉडेलवरून रेखाटन करण्याऐवजी विद्यार्थ्याने माळावर, गावात, बाजारात जावे, पाहावे आणि परतल्यावर स्मरणातून चित्र काढावे असा त्यांचा आग्रह असे. झाड काढायचे तर ते कसे वाढते, फांदी कोठून फुटते, वाऱ्यात कशी वाकते हे आधी समजून घ्यावे लागे. ते स्वतः खिशात छोटी कार्डे बाळगत आणि दिसेल ते त्यांवर टिपत. अशी रेखाटलेली अनेक कार्डे त्यांनी विद्यार्थ्यांना व स्नेह्यांना टपालाने पाठवली. काहींच्या बाबतीत शिक्षण संपल्यानंतरही हा अभ्यास या कार्डांवरून चालू राहिला.

परंपरेचा अभ्यास दोन वाटांनी होई. एक वाट ग्रंथ आणि व्याख्यानांची. कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात येथे भारतीय शिल्पापासून आधुनिक युरोपीय चित्रकलेपर्यंत व्याख्याने दिली. दुसरी वाट कारागिरांची. जयपूरहून नरसिंगलाल यांना बोलावून ओल्या गिलाव्यावरील भित्तिचित्रणाचे तंत्र शिकून घेण्यात आले. १९२७ मध्ये रवींद्रनाथांबरोबर जावाला गेलेल्या सुरेंद्रनाथ कर यांच्यामुळे बाटिकचे काम येथे रुजले. रवींद्रनाथांच्या सूनबाई प्रतिमादेवी यांचा हस्तकलांच्या अध्यापनात मोठा वाटा होता. चित्रकार आणि कारागीर ही उतरंड न मानणे, हे त्या काळातील इतर कलाशाळांच्या तुलनेत धाडसाचे होते.

या संदर्भात अल्पना विशेष लक्षणीय आहे. तांदळाच्या ओल्या पिठीत कापड बुडवून बोटांच्या टोकांनी जमिनीवर रेखलेली ही आकृती बंगालच्या खेड्यांत स्त्रिया व्रतांच्या निमित्ताने काढतात. महाराष्ट्रातील रांगोळीशी तिचे नाते असले, तरी रांगोळी कोरड्या चुऱ्याची आणि अल्पना ओल्या रेषेची असल्याने दोहोंची लय वेगळी आहे. अवनींद्रनाथांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बांग्लार ब्रत' या पुस्तकात अल्पनेचा विचार केला होता. शांतिनिकेतनात ती शिकवली सुकुमारीदेवी यांनी. कोणत्याही कलाशाळेत न शिकलेली, घरात आणि व्रतांत हात घडलेली स्त्री येथे शिक्षिका झाली. नंदलालांच्या कन्या गौरी भंज आणि जमुना सेन यांनी पुढे अल्पनेला व्रताच्या चौकटीतून बाहेर काढून आश्रमाच्या उत्सवांची भाषा बनवली. तिच्यात अजिंठ्यातील आकृतिबंध आणि परिसरातील फुले-पाने आली. गौरी यांनी रवींद्रनाथांच्या 'नटीर पूजा' या नाटकात नर्तिका श्रीमतीची भूमिकाही केली होती. प्रतिष्ठित घरातील मुलीने लोकांसमोर नृत्य करणे त्या काळी सहज स्वीकारले जात नसे. नंदलालांनी पुढे या नाटकावर आधारित भित्तिचित्र चीनभवनात रंगवले.

भिंती, माती आणि उघड्यावरील शिल्पे

कलाभवनाचे खरे पाठ्यपुस्तक म्हणजे त्याचा परिसर. इमारतींच्या भिंतींवर शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र काम करत. 'कालोबाडी' हे विद्यार्थ्यांचे मातीचे वसतिगृह १९३० च्या दशकात उभे राहिले. डांबराच्या लेपामुळे ते काळे दिसते आणि त्यावरून त्याचे नाव पडले. त्याच्या बाह्य भिंतींवर भारहुतसह वेगवेगळ्या प्राचीन परंपरांतील उठावशिल्पांचे रूपांतर विद्यार्थ्यांच्या हातून झाले आहे. एका गरीब मातीच्या घरावर जगाच्या कलेतिहासाची पाने उमटावीत, ही कल्पना कलाभवनाच्या वृत्तीची उत्तम ओळख करून देते. १९३५ मध्ये रवींद्रनाथांसाठी बांधलेल्या 'श्यामली' या मातीच्या घराची रचना सुरेंद्रनाथ कर यांची असून तिच्या प्रवेशाजवळील संथाळ आकृती रामकिंकर बैज यांच्या आहेत.

बैज (१९०६–१९८०) बांकुडा येथून १९२५ मध्ये आले. 'मॉडर्न रिव्ह्यू'चे संपादक रामानंद चॅटर्जी यांनी त्यांना शांतिनिकेतनात आणले होते. ब्राँझ परवडणारे नव्हते आणि संगमरवर या मातीचा नव्हता. त्यांनी सिमेंटमध्ये येथील तांबडी खडी मिसळून ते मिश्रण लोखंडी सांगाड्यावर थेट चढवले. १९३८ मधील 'संथाळ कुटुंब' या शिल्पात कावडीच्या एका टोपलीत मूल घेऊन निघालेला पुरुष, डोक्यावर ओझे आणि कडेवर मूल असलेली स्त्री आणि सोबतचा कुत्रा आहेत. भारतातील पहिल्या आधुनिक सार्वजनिक शिल्पांत त्याची गणना होते. ते चबुतऱ्यावर नेत्याचा पुतळा उभारण्याच्या परंपरेबाहेरचे आहे. त्यातील माणसे शेजारच्या वस्तीतील आहेत आणि शिल्पाचा पोतही पायाखालच्या जमिनीचाच आहे. त्याआधीच्या 'सुजाता' या उंच, सडपातळ आकृतीविषयी असे सांगितले जाते, की तिच्या डोक्यावर पात्र ठेवण्याची सूचना नंदलालांनी केली आणि झाडांमधून चालणारी ती मुलगी बुद्धाकडे खीर नेणारी सुजाता झाली. १९५६ मधील 'मिलची हाक' या शिल्पात भोंगा ऐकून भातगिरणीकडे धावणाऱ्या संथाळ स्त्रिया आहेत. अठरा वर्षांत परिसर कसा बदलला, हे ही दोन शिल्पे शेजारी ठेवल्यास कळते.

बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांची दृष्टी जन्मापासून अधू होती. १९४० मध्ये त्यांनी कलाभवनाच्या वसतिगृहातील छतावर बीरभूमचा परिसर रंगवला. त्यात तळे, झाडे, माणसे आणि जनावरे छतभर पसरली आहेत. हिंदीभवनातील मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र (१९४६–४७) ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी मानली जाते. क्षितिमोहन सेन यांनी जमवलेली संतवाणी आणि हजारीप्रसाद द्विवेदी यांचा कबीरविषयक अभ्यास यांमुळे शांतिनिकेतनात संतपरंपरेची चर्चा त्या काळी जोरात होती. मुखर्जींनी ओल्या गिलाव्यावर, आधी कागदावरून आकृती न छापता, तीन भिंतींच्या वरच्या भागात हे चित्र रेखले. त्यांनी संत देवतारूपात न दाखवता गर्दीत, कामात, रस्त्याने चालताना दाखवले आहेत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरीही ते कागदकाम, रेखाटन आणि मातीकाम करत राहिले आणि १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी फरशांचे भित्तिशिल्प साकारले. त्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' हा लघुपट केला.

आश्रमाबाहेर

ही पद्धती शांतिनिकेतनाबाहेर कितपत टिकते याची पहिली मोठी परीक्षा महाराष्ट्रात झाली. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होते. तेथील नगराच्या सजावटीचे काम महात्मा गांधींनी नंदलालांकडे सोपवले. बांबू आणि गवत यांसारखे गावात मिळणारे साहित्य व गावातीलच कारागीर वापरून 'टिळकनगर' उभे राहिले. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारागीर, वादक, शेतकरी, स्त्रिया यांची कागदावरील चित्रे मोठ्या संख्येने केली. ती 'हरिपुरा पोस्टर्स' म्हणून ओळखली जातात. या उपक्रमांतील सहकाऱ्यांमध्ये मूळचे कोल्हापूरकडील आणि कलाभवनात शिकून तेथेच शिक्षक झालेले विनायक मासोजी होते. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावटही नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत ही परंपरा शंखो चौधुरी आणि सुब्रमण्यन यांच्यामार्फत पोहोचली.

मूल्यमापन

१९९७ मध्ये नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात कलेतिहासकार आर. शिवकुमार यांनी मांडलेल्या प्रदर्शनाने कलाभवनाच्या कामाला 'संदर्भसापेक्ष आधुनिकता' अशी संज्ञा दिली. पाश्चात्त्य आधुनिकतेची नक्कल किंवा तिला नकार या दोन टोकांपलीकडे, स्वतःच्या परिसराच्या गरजेतून आधुनिक होण्याची वाट येथे सापडली, असे तिचे सूत्र आहे.

या चित्रशिल्पांतील संथाळांच्या स्थानाविषयी मात्र प्रश्न विचारले गेले आहेत. शहरी सुशिक्षित कलावंतांनी आदिवासींना निरागस, निसर्गाशी एकरूप माणसे म्हणून रंगवले, असा आक्षेप आहे. पार्थ मित्तर यांनी या प्रवृत्तीची चर्चा वसाहतकाळातील आदिमतेच्या ओढीच्या संदर्भात केली आहे. हा आक्षेप सर्वांना सारखा लागू होत नाही. बैज स्वतः बांकुड्याच्या सामान्य घरातून आलेले होते आणि त्यांच्या 'मिलची हाक'मधील स्त्रिया मजूर आहेत. तरीही शेजारच्या वस्तीतील माणसे या कलेचा विषय जितक्या लवकर झाली, तितक्या लवकर ती तिचे विद्यार्थी झाली नाहीत.

पुढील काळ

१९५१ मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नंदलाल अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. विद्यापीठाच्या नियमांबरोबर अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या आल्या. एका शिक्षकाच्या सहवासावर उभी असलेली पद्धती विभागांत कशी बसवायची, हा प्रश्न पुढची दीड दशके रेंगाळला. १९६७ मध्ये अध्यक्ष झालेले माजी विद्यार्थी दिनकर कौशिक यांनी संस्थेची पुनर्बांधणी केली आणि सोमनाथ होर यांच्यासारख्या कलावंतांना येथे आणले. आज चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण, डिझाइन आणि कलेतिहास हे विभाग येथे आहेत. १९७३ पासून नंदलालांच्या जन्मदिनाच्या निमित्ताने १ व २ डिसेंबरला 'नंदन मेळा' भरतो. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी यांनी केलेल्या वस्तू विकल्या जातात आणि मिळालेली रक्कम विद्यार्थी साहाय्य निधीला जाते.

सप्टेंबर २०२३ मध्ये शांतिनिकेतनाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. माती, डांबर आणि सिमेंट-खडी यांतील कामे ऊन-पावसात उभी असल्याने त्यांची देखभाल सतत करावी लागते. डिझाइन विभागाच्या इमारतीवर सुब्रमण्यन यांनी केलेले काळ्या-पांढऱ्या रंगांतील भित्तिचित्र असेच झिजले, तेव्हा त्यांनी जुन्याची डागडुजी न करता उतारवयात त्या भिंती पुन्हा नव्याने रंगवल्या.