दुकानघर, खावटी आणि वरकस: शहापूर-मुरबाडमधील घरविक्रीचा पूर्वेतिहास

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन तालुके असून पुढे दुकान व मागे बिऱ्हाड अशी एकाच छपराखालची वास्तू येथे घाटवाटांच्या व्यापारावर पोसली गेली. जुन्नरला कल्याणशी जोडणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही पाहावयास मिळतो. हा घाट उतरणारा माल मुरबाडच्या सपाटीवरून कल्याणकडे जाई. उत्तरेकडची थळघाटाची वाट शहापुरावरून जात होती, आणि लोहमार्ग 1855 मध्ये वाशिंदला व 1861 मध्ये कसाऱ्याला पोहोचल्यावर भात, लाकूड आणि मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत यांच्या व्यापाराने स्थानकांभोवतीच्या पेठा वाढल्या.

व्यापाऱ्याच्या दुकानघराला रस्त्यालगत उंच ओटा असे, ओट्यामागचा दर्शनी भाग उभ्या फळ्या खाचेत सरकवून बंद केला जाई, त्याच्या आत गादी व तराजू, पुढे माजघर आणि वर धान्य साठविण्याचा माळा अशी मांडणी असे. तुळया सागाच्या, कारण सागाचे रान जवळच होते. ज्या पाड्यांवरून गिऱ्हाईक येई, तेथील ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी कुटुंबांची घरे मात्र कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली होती. हा फरक बऱ्याच अंशी खावटीने घडविला. पावसाळ्यात घरातले धान्य संपल्यावर पोटासाठी उसने घेतलेले धान्य म्हणजे खावटी. ते सुगीला दिढीने, म्हणजे मणाला दीड मण या हिशेबाने फेडावे लागे, आणि फेड थकत गेली की जमीन सावकाराकडे जाई. या जाचावर उपाय म्हणून धान्यकोठ्या काढणारे भाई कोतवाल 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झाले. कोतवालांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने पाडलेल्या वीजमनोऱ्यांइतक्याच या धान्यकोठ्याही स्मरणात राहावयास हव्यात.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांमागे जमीन सावकाराकडे जाण्याचा हाच अनुभव उभा आहे. 1948 च्या कूळकायद्यातील तरतुदींनुसार 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी जमीन कसणारी कुळे मालक मानली गेली, तर त्याच कायद्याच्या कलम 63 ने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकण्यावर बंधन घातले. 1974 मध्ये महसूल संहितेत आलेल्या कलम 36-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यावयाची झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. डोंगरातले घर घेऊ पाहणाऱ्याला ही कलमे आडकाठी वाटतात खरी. परंतु ती शिथिल करण्याची मागणी करताना दिढीच्या काळात जमीन किती सहज हातची गेली, याचा विसर पडणे अन्यायाचे आहे.

आजच्या खरेदीदाराची नजर बहुधा वरकस जमिनीवर असते. वरकस म्हणजे भातलावणीस न येणारी उताराची जमीन. तिच्यावरचे गवत व झाडपाला राबासाठी, म्हणजे रोपे टाकण्यापूर्वी वाफा भाजण्यासाठी, उपयोगी पडे. शेतीच्या हिशेबात दुय्यम असलेला हाच उतार डोंगराच्या देखाव्यामुळे बंगल्यासाठी मोलाचा ठरला आणि 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्याने शहापूर मुंबईला आणखी जवळ आले. तथापि घराबरोबर दुकानाचा गाळाही विकावयाचा असेल, तर दोन मिळकतींची कुळकथा वेगळी निघते: गावठाणातील, म्हणजे वस्तीसाठी राखलेल्या हद्दीतील, जुन्या दुकानघराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, घरपट्टीच्या आकारणीत सापडते, तर गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी सातबारा, जुने फेरफार आणि बिनशेतीचा आदेश तपासावा लागतो, आणि त्या फेरफारांत मागे जात राहिल्यास पुष्कळदा एखाद्या कुळाचे नाव लागते.